कॅप्टन एग्बर्टच्या खुणा

कॅप्टन एग्बर्ट लेस्लीचा दीपगृहावरसुद्धा विश्वास नव्हता. दिवा बघणारा माणूस झोपला नसेल कशावरून, असं त्याचं म्हणणं. हवामानाच्या बातम्यांवर नाही, बर्फवाल्याच्या बर्फावर नाही, आणि जावयावर तर मुळीच नाही. प्लासेन्सिया गावच्या वाळूत चार माणसं गप्पा मारत उभी असली आणि लांबून एग्बर्ट येताना दिसला की ती मुद्दाम मोठ्यानं बोलायला लागत. नाहीतर कुजबुज आपल्याबद्दलच चालली होती असं धरून हा माणूस आठवडाभर घुश्शात राहायचा.

त्याच्या हाताखालची बोट म्हणजे 'मिस पर्ल'. आम्ही तिला बोट म्हणतो, पाहुणे जहाज म्हणतात. पाहुणे डझनभर, स्वयंपाकाला मिस ओरा, नांगरापासून दोरापर्यंत सगळं बघायला जावई फर्मिन, आणि चाकावर कॅप्टन. फेरी ठरलेली असे. आधी नदीच्या मुखापाशी माया लोकांची जुनी दगडी टेकडी, मग बाहेरच्या समुद्रात ग्लोव्हर्सच्या प्रवाळाशी मुक्काम, आणि परतताना लेस्लीचं कुंड. पाहुणे येत ते या कुंडासाठी. बाकी सगळीकडचं प्रवाळ पांढरं पडत चाललंय, पण या कुंडात अजून हरणाच्या शिंगांसारखी त्याची झाडं उभी आहेत आणि त्यांच्या फांद्यांतून निळे मासे फिरतात. तिथे जायला खडकांच्या रांगेत एकच खिंड आहे. दुसऱ्या एका मोठ्या बोटीच्या कप्तानानं एकदा तिथे शिरायचा प्रयत्न केला होता, आणि त्याच्या बोटीचं सुकाणू अजून खाली पडलेलं आहे.

खिंडीतून जायच्या खुणा, म्हणजे किनाऱ्यावरची कुठली वस्तू कशाच्या रेषेत आली की आत वळायचं ते, एकट्या एग्बर्टला माहीत होत्या. बापानं, ह्यूबर्ट लेस्लीनं, त्या त्याला शिडाच्या होडीत बसवून दिल्या. आमच्याकडे खुणा द्यायची रीतच अशी. द्यायच्या त्या पाण्यावर, आणि आजूबाजूला दुसरी बोट दिसत नसतानाच. जमिनीवर त्यांचा उच्चारही करायचा नाही, बायकोजवळसुद्धा नाही. लांब एखादं शीड दिसलं की म्हातारा ह्यूबर्ट आपल्या जागेवरून हटून भलत्याच ठिकाणी गळ सोडून बसे. तिथे मासा नाही हे त्याला ठाऊक असे, तरी अर्धा दिवस तो तसाच बसायचा. ह्यूबर्टच्या भावानं, क्लेमेंटनं, एकदा रम पिऊन घराण्यातल्या दुसऱ्या एका जागेच्या खुणा बडबडल्या. महिना उलटायच्या आत लोकांनी ती जागा शेवंडांसकट धुऊन नेली. त्यानंतर दोघे भाऊ मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत, आणि लहानगा एग्बर्ट त्या दोघांच्या मधे वाढला. माणसाला तोंड असतं म्हणजे ते कधीतरी उघडणारच, हे तो तिथे शिकला.

'मिस पर्ल'वर जागा दाखवणारं मशीन होतं. खिंड जवळ आली की कॅप्टन आपली गवती टोपी काढून त्या पडद्यावर घाली, म्हणजे वाटेची नोंद कुणी बघायला नको. पाहुण्यांच्या मनगटावर हल्ली सगळं टिपून ठेवणारी घड्याळं असतात हे कळल्यापासून त्यानं नवीनच नियम काढला. "खिंडीत घड्याळ घालायचं नाही, समुद्राला आवडत नाही," असं तो गंभीर चेहऱ्यानं सांगे. पाहुणे बिचारे भक्तिभावानं घड्याळं काढून डब्यात टाकत, आणि घरी जाऊन ही प्राचीन प्रथा चारचौघांत सांगत.

आता खरी गोष्ट. कॅप्टनला दिसत नव्हतं.

अगदी आंधळा झाला होता असं नाही. ताटातला भात दिसे, चाक दिसे, बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, दिसे. त्यापलीकडे मात्र सगळं दुधात बुडाल्यासारखं. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. बोटीचा मालक त्याला कधीपासून म्हणत होता, "कॅप, त्या खुणा एकदाच्या मशीनमध्ये घालून टाक, म्हणजे कुणीही बोट नेईल." ते 'कुणीही नेईल' एग्बर्टच्या मनात रुतून बसलं होतं. डोळ्यांचं कळलं असतं तर त्याच दिवशी चाक हातातून गेलं असतं, आणि चाकाशिवाय एग्बर्ट लेस्ली म्हणजे व्हरांड्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर संशय घेणारा एक म्हातारा. दिसत नसताना डझनभर माणसं घेऊन खडकांत शिरतोय याची त्याला भीती वाटत नव्हती असं नाही. पण दरवेळी बोट बिनबोभाट आत जात होती. डोळ्यांचं काय घेऊन बसलात, हाताला वाट पाठ झालीय, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

त्याला धास्ती होती ती फर्मिनची.

फर्मिन नोरालेस हा सीन बाइटचा, म्हणजे शेजारच्याच गावचा, पण गरिफुना जमातीचा. आमच्या क्रिओल वस्तीत आणि त्यांच्यात मधे फक्त एक वाळूचा पट्टा आहे, तरी आमची जुनी माणसं त्यांच्याबद्दल असं बोलतात जणू ती चंद्रावरून उतरलीत. मुलीनं, डेल्सीनं, फर्मिनशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा एग्बर्टनं एवढंच विचारलं, "त्याला तू हवीस की माझ्या खुणा?" डेल्सीनं बापाशी बरेच दिवस अबोला धरला. पुढे विहीणबाईंनी हुदूत करून पाठवलं, नारळाच्या दुधात शिजवलेली मासळी आणि कुटलेली केळी. कॅप्टननं वाडगा पुढ्यात घेतला आणि मुलीला म्हणाला, "आधी तू खा." ती मुकाट्यानं खायला बसली आणि सगळा वाडगा रिकामा करून उठली. तेव्हापासून त्याला हुदूतची चटक लागली, पण पहिला घास मुलीचा हा शिरस्ता त्यानं मोडला नाही.

जावयाला तो पाण्यात पाहत होता, आणि गेल्या काही वर्षांत तर त्याच्याकडे पुरावेच जमले होते. एक म्हणजे घरातला त्याचा पांढरा, एनॅमलचा टवका उडालेला कॉफीचा कप नाहीसा झाला आणि त्या जागी भडक पिवळा कप आला. जुना कप फर्मिननं फोडला आणि लपवला याविषयी कॅप्टनला शंका नव्हती. दुसरं म्हणजे फर्मिन बोटीवर हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळेजर्द शर्ट घालून यायला लागला. रोज पिवळाच. "काय जावईबापू, पोपट व्हायचं ठरवलंय की केळं?" असं कॅप्टननं विचारलं तर तो नुसता हसला. हसून गप्प बसणारा माणूस कॅप्टनला सगळ्यांत घातक वाटे. आणि तिसरं म्हणजे खिंड आली की फर्मिन नाळेवर जाऊन उभा राही. नुसता उभा राहिला असता तर ठीक, पण हा तिथे अंडं घालायला जागा शोधणाऱ्या कोंबडीसारखा जरा डावीकडे, जरा उजवीकडे सरके, मधेच मागे वळून कॅप्टनकडे बघे, मग पुन्हा समोर टेकडीकडे. हा खुणा चोरतोय, हे एखाद्या पोरालाही कळलं असतं.

त्या फेरीला पाहुण्यांमध्ये एक उंच डच गृहस्थ होता. त्याच्या मनगटावर बशीएवढं घड्याळ. मिस ओरानं त्याचं नाव घड्याळवाला ठेवलं. पहिल्या दिवशी सगळे टेकडीवर गेले. टेकडी म्हणजे दगडांच्या पायऱ्यांचा डोंगरच, वर पांढऱ्या सावरीचं एक जुनं झाड. कॅप्टनचे गुडघे दुखत होते, म्हणून तो खाली सावलीत मिस ओराबरोबर बसून राहिला.

"तुझा जावई वरपर्यंत गेला की," मिस ओरा डोळ्यांवर हात धरून म्हणाली. "पाहुणे अजून अर्ध्यातच धापा टाकतायत."

"काय करतोय?"

"समुद्राकडे बघतोय. घड्याळवाला पोचला बघ त्याच्याजवळ. आता हात करून त्याला काहीतरी दाखवतोय."

"कुठे? कुठल्या दिशेला?"

"टॅटमच्या बेटाकडे म्हण. का रे, तुला दिसत नाही का इथून?"

"मला झाड आडवं येतंय," कॅप्टन म्हणाला. त्याच्या समोर झाड वगैरे काही नव्हतं. मिस ओरानं नारळाची वडी कागदातून काढून त्याच्या हातावर ठेवली. ती त्याला गोड लागली नाही. टेकडीवरचं सावरीचं झाड आणि टॅटमच्या बेटावरचं तांबड्या पत्र्याचं छप्पर, हीच तर ती खूण होती. बाहेरच्या समुद्रातून येताना झाड बरोबर छपरावर उभं राहिलं की समोर खिंड. बापानं दिलेली, जिवापाड जपलेली गोष्ट जावई वर चढून परक्या माणसाला बोटानं दाखवत होता.

संध्याकाळी ग्लोव्हर्सला नांगर टाकल्यावर फर्मिन चाकाजवळ आला. जरा घुटमळला आणि म्हणाला, "कॅप्टन, टॅटमच्या बेटाच्या उत्तर टोकाला त्यांनी नवीन खोली बांधलीय. तिलाही तांबडाच पत्रा घातलाय."

कॅप्टनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग? मला कशाला सांगतोस?"

"नाही, आपलं सहज. आज टेकडीवरून दिसलं."

"तुला रे काय करायचंय छपरांशी? पत्र्याचा धंदा काढतोयस?"

"नाही, कॅप्टन," एवढंच म्हणून फर्मिन दोर आवरायला गेला. कॅप्टनला मात्र ती चाल अगदी स्पष्ट दिसली. छपराचा विषय काढायचा, म्हाताऱ्याचा चेहरा वाचायचा आणि खूण पक्की करून घ्यायची. आपण ताकास तूर लागू दिली नाही याचं त्याला समाधान वाटलं. नवीन खोलीचा विचार त्यानं पुन्हा केलाच नाही.

सकाळी सूर्य पाठीशी घेऊन 'मिस पर्ल' किनाऱ्याकडे निघाली. खिंडीत शिरायची हीच वेळ, पुढचं सगळं उजळलेलं असतं. कॅप्टननं टोपी काढून पडद्यावर घातली, घड्याळं डब्यात गेली, आणि फर्मिन नेहमीप्रमाणे नाळेकडे निघाला.

"तिकडे कुठे? खाली जा. ओराला केळी सोलून हवीत."

"खिंड झाली की जातो, कॅप्टन."

"आत्ता जा. आणि तो ॲप्रन घाल. पाहुण्यांच्या जेवणात तुझा पोपट नको."

फर्मिन क्षणभर तिथेच उभा राहिला. त्यानं एकदा बेटाकडे बघितलं, एकदा सासऱ्याकडे. मग तो पायऱ्या उतरून खाली गेला.

चोराला खाली कोंडल्यावर कॅप्टनला हलकं वाटायला हवं होतं. पण बोटीचं टोक मोकळं पडलं आणि त्यापलीकडे नुसतं दूध पसरलेलं होतं. हाताला पाठ असलेली वाट हाताला आठवेना. चाक डावीकडे द्यावं की उजवीकडे, काहीच कळेना. मग त्यानं अक्कल लढवली आणि पाहुण्यांना हाक मारली.

"चला, एक खेळ खेळू. टेकडीवरचं ते झाड दिसतंय? ते बेटावरच्या तांबड्या छपरावर आलं की ओरडायचं. जो पहिला सांगेल त्याला मिस ओराच्या हातची आल्याची बिअर."

पाहुणे कठड्याला लागले. कॅप्टन बोट हळूहळू सरकवत राहिला. थोड्या वेळानं घड्याळवाला ओरडला, "आलं. झाड बरोबर छपराच्या मधोमध आहे." कॅप्टननं बोट आत घातली.

स्वयंपाकघरात फर्मिन केळी सोलत होता. त्याला आधी ऐकू आलं. खिंडीतलं पाणी तळाखालून मऊ जातं, आणि आत्ता ते कुजबुजल्यासारखं खरखरत होतं. हातातली सुरी टाकून तो पायऱ्या चढून वर धावला. धावता धावता त्यानं ॲप्रन ओढून फेकला आणि नाळेच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी कडेला जाऊन उभा राहिला. तो ओरडला नाही, हात केले नाहीत. नुसता उभा राहिला.

कॅप्टनला दुधात एक पिवळा ठिपका दिसला. त्याच्या मनात काही यायच्या आत हातांनी चाक डावीकडे फिरवलं. पातेल्याच्या बुडाला उलथनं घासावं तसा तळाला एक लांबलचक आवाज झाला. पिवळा ठिपका जरा मधे सरकला, हात जरा मधे आले. ठिपका आणखी मधे आला, हात त्याच्या मागोमाग. आवाज थांबला. बोटीखालचं पाणी मऊ झालं आणि पाहुणे खाली बघून आनंदानं बोलायला लागले, कारण निळे मासे दिसू लागले होते. त्यांना वाटलं तो आवाज नांगराचा असावा.

हाताला काय पाठ होतं ते कॅप्टनला त्या क्षणी कळलं. तो चाकाला धरून उभा राहिला.

पाहुणे पाण्यात उतरले. फर्मिन बुडी मारून तळ बघून आला. रंग खरवडलाय, बाकी काही नाही, असं म्हणून तो शर्ट पिळत चाकाजवळ येऊन थांबला.

"तुला कधीपासून माहीत आहेत?" कॅप्टननं विचारलं.

"लग्नाच्या वर्षापासून. शिरताना तुमची मान आधी टेकडीकडे वळायची, मग छपराकडे. मी बाहेर बघतच नव्हतो, तुमच्याकडे बघत होतो."

"आणि एवढी वर्षं एकटा कधी आला नाहीस इथे? स्वतःची होडी घेऊन?"

"नाही."

"का?"

"तुम्ही दिल्या नव्हत्या ना," फर्मिन म्हणाला.

कॅप्टननं नजर दुसरीकडे वळवली. "काल टेकडीवर त्या घड्याळवाल्याला काय दाखवत होतास?"

"तो विचारत होता, पेलिकन कुठे बसतात. मी नवीन छप्पर नीट बघायला वर गेलो होतो. इथे शिरताना ते गोंधळात पाडणार, हे मागच्या फेरीतच माझ्या लक्षात आलं होतं."

"मग मला नीट सांगायचंस."

"सांगायला आलो होतो, कॅप्टन. तुम्ही विचारलंत, तुला छपरांशी काय करायचंय. आता यावर मी काय बोलणार? मला खूण माहीत आहे असं बोललो असतो तर तुम्ही मला त्याच ठिकाणी पाण्यात ढकललं असतं."

"ढकललं असतं," कॅप्टननं कबूल केलं. मग त्यानं विचारलं, "आसपास कुणाची बोट दिसतेय?"

"नाही."

"नीट बघ. चारी बाजूंनी."

फर्मिननं वळून चारी बाजूंना बघितलं. "कुणी नाही."

तेव्हा कॅप्टन एग्बर्टनं खुणा दिल्या. जशा बापानं दिल्या होत्या तशाच, हळू आवाजात आणि क्रमानं. सावरीचा बुंधा. टॅटमच्या घराचं जुनं छप्पर, दक्षिणेच्या टोकाचं. बुंधा छपराच्या मधोमध, ओहोटी असेल तर किंचित डावीकडे. फर्मिनला यातला शब्दन् शब्द माहीत होता, तरी तो मान खाली घालून पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकत राहिला. सांगून झाल्यावर कॅप्टननं चाकावरचे हात काढून घेतले.

"जाताना तू धर. आणि मालकाला मीच सांगेन, तू मधे पडू नकोस."

फर्मिन चाकाशी आला. पडद्यावरची टोपी काढायला त्यानं हात पुढे केला.

"टोपी राहू दे," कॅप्टन गुरकावला. "त्या घड्याळवाल्याचा अजून भरवसा नाही."

फर्मिननं टोपी राहू दिली. पाहुणे पाण्यातून वर आले आणि बोट परत खिंडीकडे निघाली. कॅप्टन बाजूच्या पेटीवर बसला. चाकाच्या या बाजूला बसून तो कित्येक वर्षांत खिंडीतून गेला नव्हता. जावयाच्या ओल्या शर्टाकडे तो बघत राहिला. सगळ्या दुधात तेवढीच एक गोष्ट धड दिसत होती.

"हे शर्ट तुला कुणी आणून दिले?"

फर्मिननं समोरची नजर हलवली नाही. "डेल्सीनं. घरात तिनं सगळे रंग करून बघितले. ताट, पडदा, टॉवेल. मग म्हणाली, बाबांना आता हाच एक लांबून दिसतो."

कॅप्टनला लाज वाटली, आणि लाजेच्या खालून कुठेतरी खूप बरंही वाटलं. त्याला घरचा पिवळा कप आठवला. रोज सकाळी व्हरांड्याच्या कठड्यावर तो कप ठेवलेला असे आणि कॅप्टनचा हात न चाचपडता थेट त्याच्या कानावर जात असे.